ऑटोकॅडचा क्रॅक, विद्यार्थी सवलत आणि पहिलं पैशाचं काम

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी,

मुलगी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नवा लॅपटॉप घेतला आणि त्याच आठवड्यात तिच्या हातात वर्गातला एक पेनड्राइव्ह आला. नकाशे काढायचं ऑटोकॅड, थ्रीडीचं स्केचअप, फोटोशॉप, रेंडरिंगचं काहीबाही, सगळं क्रॅक केलेलं, म्हणजे लायसनचं कुलूप फोडलेलं, एकाच ठिकाणी. सोबत 'आधी हे वाचा' अशी फाइल. मी खरंच वाचली. अँटीव्हायरस बंद करा, नेट बंद करा, ही फाइल त्या फोल्डरमधल्या फाइलवर पेस्ट करा आणि पुढे कधीही अपडेट करू नका. पेनड्राइव्ह कॉलेजच्या लॅबमधूनच फिरत आलाय, म्हणजे सरांना ठाऊक आहे असं धरून चाला.

मी म्हटलं, विद्यार्थ्यांना हे रीतसर फुकट मिळतं ना? तर म्हणे, "मिळतं हो बाबा, पण दरवर्षी आयकार्ड अपलोड करा, त्यांच्या यादीत आमच्या कॉलेजचं नाव धड सापडत नाही, मेल येईपर्यंत सबमिशन होऊन जातं. आणि सगळे हेच वापरतात." मी बँकेच्या वसुली खात्यात नोकरी काढली. 'सगळे असंच करतात' हे वाक्य ऐकलं की माझा हात आपोआप नोटिशीकडे जातो.

तर प्रश्न असा, की फुकटचं अधिकृत मिळत असताना क्रॅक वापरणं यात कंटाळ्यापलीकडे काही कारण आहे का? आणि दुसरा, जो मला खरा अडचणीचा वाटतो: माझ्या मेहुण्याच्या ओळखीतला एक बिल्डर तिला बंगल्याचे थ्रीडी व्ह्यू आणि दोन प्लॅन करून मागतोय, आठ हजार देतो म्हणतो. हे काम विद्यार्थी लायसनवर केलं तर चालतं का? तिच्या मते चालतं, कारण 'मी विद्यार्थीच आहे ना'. मला खात्री वाटत नाही.

निरागस_बोका

धागा नीट वाचून सविस्तर लिहितो. तोवर फायली दाबून लहान करणाऱ्या विनरारची चाळीस दिवसांची चाचणी संपतेय का बघतो. कॉलेजात असताना सुरू केली होती, आता मुलगा कॉलेजात आहे.

बॅकबेंचर०७

काका, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा, शेवटचं वर्ष. आमच्याकडे हा प्रश्न जवळपास संपलाय. गिटहबचा विद्यार्थी पॅक (प्रोग्रामिंगची साधनं) आहे, कोड लिहायला जेटब्रेन्सचं सगळं फुकट, कॉलेजचा मेल असेल तर मायक्रोसॉफ्ट ऑफिसही ब्राउझरमध्ये फुकट. क्रॅक शोधण्यात वेळ घालवणारा मुलगा वर्गात मागास समजला जातो. पण आर्किटेक्चर, मेकॅनिकल आणि ॲनिमेशनवाल्यांची गोष्ट वेगळी. एकाला चार-पाच महागडी सॉफ्टवेअर लागतात, त्यातलं एक फुकट, एक सवलतीत, एकाला सवलतच नाही. मग मुलं म्हणतात एवढी भानगड कशाला, सगळंच पेनड्राइव्हवरून घ्या.

कॉलेजचा मेल मिळणं हेच अर्ध्या कॉलेजांत दिव्य आहे. ऑफिसमधले काका म्हणतात, अर्ज द्या, प्राचार्यांची सही आणा. आणि टेलिग्रामवर दोनशे-तीनशे रुपयांत कुठल्यातरी परदेशी विद्यापीठाचा मेल 'आजन्म' मिळतो. तो घेऊन लोक विद्यार्थी सवलत उपटतात. त्यात नोकरी करणारेही असतात. हे क्रॅकपेक्षा बरं की वाईट, मला कळत नाही.

खडूस_वकील

@बॅकबेंचर, वाईट. क्रॅक हे कॉपीराइटचं उल्लंघन. दुसऱ्याच्या विद्यापीठाचा मेल घेऊन 'मी तिथला विद्यार्थी' म्हणणं ही सरळ फसवणूक, आणि बनावट आयकार्ड जोडलंत तर त्यात बनावट दस्तऐवजही आला. पैसे वाचतात तेवढेच, पाप दुप्पट.

धागाकर्त्यांसाठी कायदा थोडक्यात. कॉपीराइट कायदा 1957 चा, 1994 च्या दुरुस्तीने त्यात कलम 63बी आलं. संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत आहे हे माहीत असून जो ती संगणकावर वापरतो त्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. आता यातली मेख बघा. तोच वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी केलेला नसेल, तर न्यायालय कैद न देता फक्त दंडावर सोडू शकतं, तोही पन्नास हजारांपर्यंतच. म्हणजे कायद्यालाही घरात बसून शिकणारी पोरगी आणि त्याच क्रॅकवर बिलं फाडणारं ऑफिस यातला फरक कळतो. गुन्हा दोघांचा, वजन वेगळं. तुमच्या कन्येच्या बाबतीत हे वजन बदलतं ते त्या आठ हजारांनी.

आणखी एक. कंपनीत असं सापडलं तर कलम 69 प्रमाणे कारभार बघणारा माणूसही अडकतो. म्हणून लहान ऑफिसांच्या मालकांनो, नव्या मुलाने स्वतःच्या लॅपटॉपवर काय आणलंय ते बघत जा.

पेन्शनर_नाना

अहो वकीलसाहेब, कुठे घेऊन बसलात कलमं. आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असेंबल्ड पीसी आणायचो तेव्हा विंडोज, ऑफिस आणि वर दोन गेम दुकानदार स्वतःहून टाकून द्यायचा, न मागता, चहासारखं. ओरिजिनल विंडोज काय भावाला मिळतं हे विचारलं तर तो हसला होता. त्या 'चोरी'वर या देशातली एक पिढी संगणक शिकली, त्यातलीच पुढे अमेरिकेत जाऊन त्यांच्याच कंपन्या चालवायला लागली. बिल गेट्सचं काय वाकडं झालं?

सिएटलकर

नाना, वाकडं काहीच झालं नाही, उलट भलंच झालं, आणि हे त्याला स्वतःला माहीत होतं.

3 फेब्रुवारी 1976 चं त्याचं छंदिष्टांना लिहिलेलं खुलं पत्र प्रसिद्ध आहे. तेव्हा वय वीस. अल्टेअर नावाच्या संगणकासाठी त्याने आणि साथीदारांनी बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा लिहिली होती आणि होमब्रू या हौशी संगणकवाल्यांच्या क्लबातली मंडळी पेपर टेपवरून त्याच्या प्रती काढून वाटत होती. पत्रात सरळ म्हटलंय की तुमच्यातले बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता, अल्टेअरवाल्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतलंय आणि आमच्या कामाचा मोबदला तासाला दोन डॉलरही पडत नाही. गंमत म्हणजे ते बेसिक लिहिलं गेलं हार्वर्डच्या संगणकावर, ज्याच्या वेळेचं बिल त्याने भरलेलं नव्हतं. त्यावरून तेव्हाही टोमणे खाल्लेच.

बावीस वर्षांनी, 1998 मध्ये, वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसमोर तोच माणूस चीनबद्दल बोलला. मथितार्थ असा: तिथे लोक सॉफ्टवेअरचे पैसे देत नाहीत, पण कधीतरी देतील. आणि चोरायचंच असेल तर आमचंच चोरावं. सवय लागेल, मग वसूल कसं करायचं ते पुढच्या दशकात बघू.

विद्यार्थी सवलतीचं गणित यापेक्षा वेगळं नाही. मी अशाच एका कंपनीत काम करतो, नाव सांगणार नाही. विद्यार्थ्यांना फुकट देण्याचा खर्च आमच्याकडे मार्केटिंगच्या खात्यात पडतो, दानधर्माच्या नाही. चार वर्षं मुलगा एकच बटण एकाच जागी शोधायला शिकला की नोकरीला लागल्यावर तो साहेबाला तेच सॉफ्टवेअर घ्यायला लावतो.

आडकित्ता

+१. म्हणजे क्रॅक वापरला काय आणि विद्यार्थी आवृत्ती वापरली काय, कंपनी जिंकतेच. मग माझ्या डोक्याला नैतिकतेचा ताप का?

मुक्तस्रोत

@आडकित्ता, कारण हरणारा तिसराच असतो. क्रॅकने ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्क कंपनीचं नुकसान होत नाही हे मान्य करू घटकाभर. पण ऑटोकॅड 'फुकट' मिळतंय म्हटल्यावर पाव किमतीतलं दुसरं कॅड (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) कोण घेणार? झेडडब्ल्यूकॅड, ब्रिक्सकॅड आहेत, एकदा पैसे भरून कायमचं लायसन देतात. ऑटोडेस्कने 2016 पासून नवं कायमचं लायसन विकणंच बंद केलं, फक्त भाड्याने. फुकटातलं लिब्रेकॅड आहे. तशाच फुकट फ्रीकॅडची 1.0 आवृत्ती 2024 च्या नोव्हेंबरात आली. ही मंडळी क्रॅकशी स्पर्धा कशी करणार? महागड्या मालाची चोरी स्वस्त मालाच्या दुकानाला बुडवते, हे आपल्याकडे कुणी बोलत नाही.

बरं, पर्याय शिकवायला माणसं नाहीत असंही नाही. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प वर्षानुवर्षं सायलॅब, पायथन, ओपनफोम, ईसिम अशा मुक्त सॉफ्टवेअरचं काम करतोय. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये लिहून द्या, ते मुलांना मानधनसुद्धा देतात. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतून धडे आहेत. केरळने शाळाच्या शाळा विंडोजऐवजी लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर नेल्या. आपल्याकडे मात्र लॅबमध्ये पेनड्राइव्ह.

निरागस_बोका

आले आले. लिनक्सवाले आले. धाग्याने बाळसं धरलं.

कॉलम_बीम

मी नाशिकला स्ट्रक्चरलची प्रॅक्टिस करतो. मुक्तस्रोत यांच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण आर्किटेक्ट मला डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची स्वतःची) फाइल पाठवतो, मी डीडब्ल्यूजीच परत पाठवतो, मंजुऱ्या आणणाऱ्या लायझनिंगवाल्यालाही तीच लागते. कुलूप सॉफ्टवेअरला कमी आणि फाइलच्या प्रकाराला जास्त आहे. दुसऱ्या कॅडमध्ये उघडते, पण डायमेन्शनची स्टाइल हलते, हॅच (रेघांचा भराव) गायब होतो, फॉन्ट बदलतो. साइटवर सळीच्या अंतराचा एक आकडा चुकीचा छापला गेला तर निस्तरणार कोण? ऑटोडेस्क 2006 मध्ये ओपन डिझाइन अलायन्सवर (इतर सॉफ्टवेअरमध्येही ही फाइल उघडावी म्हणून झटणारी संघटना) याच डीडब्ल्यूजीवरून कोर्टात गेली होती, ते उगाच नाही.

आता धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, कारण यात मी प्रत्यक्ष पोळलेल्यांना पाहिलंय. पूर्वी ऑटोकॅडच्या विद्यार्थी आवृत्तीत एक खोड होती. तिच्यात काढलेलं ड्रॉइंग प्लॉट केलं, म्हणजे कागदावर छापलं, की चारही कडांना 'शैक्षणिक आवृत्तीत तयार केलेले' अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापून यायची. एवढ्यावर भागत नव्हतं. हा शिक्का संसर्गजन्य होता. विद्यार्थी फाइलमधला एक ब्लॉक, समजा नुसतं झाड किंवा संडासाचं भांडं, तुम्ही विकत घेतलेल्या ऑटोकॅडमधल्या फाइलमध्ये पेस्ट केलंत की तुमची फाइलही बाटली. मग तिच्यातून जे जे कॉपी होईल ते सगळं. आमच्याकडे एका बड्या आर्किटेक्टकडून आलेल्या सोसायटीच्या सबमिशन ड्रॉइंगवर, नगरपालिकेत द्यायच्या दिवशी सकाळी, चारी बाजूंनी ती ओळ आली. ऑफिसात सगळं ओरिजिनल, पण इंटर्नने कॉलेजच्या फाइलमधून एक कार आणून पार्किंगमध्ये उभी केली होती. दुपारपर्यंत डीएक्सएफ (दुसऱ्या प्रकारची, सगळीकडे चालणारी फाइल) करून परत डीडब्ल्यूजी करणं वगैरे उद्योग चालले होते.

पुढे 2015 च्या आवृत्तीच्या सुमाराला कंपनीनेच तो शिक्का काढून टाकला. पण शिक्का गेला म्हणजे अट गेली नाही. शैक्षणिक लायसन शिकण्या-शिकवण्यापुरतं. मुलगी विद्यार्थिनी आहे की नाही हा प्रश्नच नाही, काम कशासाठी आहे हा प्रश्न आहे. बिल्डरचं काम म्हणजे धंदा. चालत नाही.

पेन्शनर_नाना

संडासाच्या भांड्यावरून संसर्ग! काय ती कंपनी.

टॅलीवाल्या_काकू

आमच्या टॅलीने हेच फार साधेपणाने सोडवलंय. लायसन न घेता 'एज्युकेशनल मोड'मध्ये उघडा, सगळं चालतं, व्हाउचर टाका, जीएसटी शिका, ताळेबंद काढा. फक्त व्हाउचरची तारीख महिन्याची पहिली, दुसरी आणि शेवटचीच घेतं. शिकायला तीन तारखा पुरतात, दुकान चालवायला पुरत नाहीत. आमच्या क्लासमध्ये मुलं सरावात सगळी खरेदी एक तारखेला आणि सगळी विक्री दोनला करतात, महिनाअखेरीस पगार. नोकरीला लागल्यावर एकीने खरंच विचारलं होतं, "मॅडम, इथे चौदा तारखेला पण एंट्री होते?"

ना आयकार्ड, ना मेल, ना वर्षाची मुदत. बेंगळुरूच्या लोकांना आपली माणसं कळतात. अर्थात टॅलीच्या 7.2 आणि नाइन या आवृत्त्यांचे क्रॅक बाजारात होतेच, त्यावर अख्खे व्यापारी पेठेत बसलेले पाहिलेत.

डीटीपीवाली

नानांच्या 'बिल गेट्सचं काय वाकडं झालं' यावर माझं म्हणणं. गेट्सचं नाही झालं, पण आपल्या लोकांचं झालं ना. मी कोल्हापुरात डीटीपी (संगणकावर छपाईची पानं लावणं) करते, पेजमेकर सॉफ्टवेअरच्या काळापासून. मराठी टायपिंगची श्रीलिपी पुण्याची, तसलंच आयएसएम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेचं. कुणी हजारो कोटींचे मालक नव्हेत. एकेक जोडाक्षर कुणीतरी बसून काढलेलं. त्यांचे फॉन्ट सीडीवर भरून रस्त्यावर विकले जायचे. कंपन्यांनी मग डोंगल (संगणकाला जोडायची लायसनची चावी) आणलं, आधी प्रिंटरच्या पोर्टला, नंतर यूएसबीला. डोंगल हरवलं की काम बंद, दिवाळी अंकाच्या घाईत आमच्या इथे डोंगल देवघरात ठेवायचे. प्रामाणिकपणे विकत घेणाऱ्यालाच जाच आणि चोरणारा मोकळा, कारण चोरीच्या प्रतीला डोंगल लागतच नव्हतं!

आता युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) आहे, 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त', 'बलू' असे फॉन्ट ओपन लायसनखाली कुणालाही, धंद्यालाही वापरता येतात. तरी आमच्या लाइनीतली मुलं विचारतात, "ताई, अमक्या फॉन्टचा क्रॅक आहे का?" फुकट मिळणाऱ्याला किंमत नाही आणि किंमत असलेल्याला पैसे द्यायचे नाहीत.

वाचनवेडी

डीटीपीवाली ताई, शंभर टक्के. जरा अवांतर होतंय, पण याच संस्थळावर दरवर्षी दिवाळी अंकाच्या पीडीएफवरून रणकंदन होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर 'वाचनसंस्कृती वाढवू या, पुढे पाठवा' म्हणून चाळीस पुस्तकांची झिप येते. तेव्हा 'मराठी लेखकाच्या पोटावर पाय' म्हणून तावातावाने लिहिणारे चार आयडी मला या धाग्यावर क्रॅकची बाजू घेताना दिसतायत. नावं घेत नाही.

आडकित्ता

घ्या की नावं. मी आहे त्यातला एक. लेखकाला रॉयल्टी दहा टक्के मिळाली तर नशीब, पाचशे प्रतींची आवृत्ती. त्याची एक पीडीएफ म्हणजे त्याच्या खिशातले खरे पैसे. अमेरिकन कंपनीची एक प्रत मी उतरवली तर कुणाचा चहाही कमी होत नाही. माझी नैतिकता नुकसानीच्या प्रमाणात आहे, लपवत नाही.

वाचनवेडी

आणि प्रमाण ठरवणार कोण? तुम्हीच.

आडकित्ता

हो. तुम्ही तुमचं ठरवा.

खडूस_वकील

अवांतरात अजून एक भर. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्सचा खटला आठवा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी 2012 मध्ये दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या झेरॉक्सवाल्यावर दावा लावला होता, पुस्तकांतली प्रकरणं एकत्र बांधून मुलांना देतो म्हणून. सप्टेंबर 2016 मध्ये उच्च न्यायालयाने शिकवण्याच्या ओघात प्रती काढणं कायद्याच्या कलम 52 मध्ये बसतं म्हणून प्रकाशकांचा दावा फेटाळला. पण लगेच कुणी उड्या मारू नका. त्यावरून लॅबच्या पेनड्राइव्हला माफी मिळत नाही. पुस्तकाचं प्रकरण वाचणं आणि कुलूप फोडून प्रोग्राम चालवणं यात न्यायालय फरक करणार.

शोधनिबंध

सरकारने संशोधनाच्या नियतकालिकांसाठी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' केलं ना. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी, सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं. तसं सॉफ्टवेअरचं का नको, असं माझे विद्यार्थी विचारतात.

मी समाजशास्त्राची पीएचडी गाइड. आमच्याकडचं उघड गुपित म्हणजे एसपीएसएस, आकडेवारीच्या विश्लेषणाचं विकतचं सॉफ्टवेअर. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात लिहितात 'विश्लेषणासाठी एसपीएसएसची अमुक आवृत्ती वापरली', आणि विद्यापीठाकडे त्या आवृत्तीचं लायसनच नसतं. म्हणजे स्वतःच्या सहीनिशी कबुलीजबाब बांधून ग्रंथालयात जमा! तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक टी-टेस्टबद्दल खोदून विचारतात, हे मात्र विचारत नाहीत. त्याच कामाला फुकटातलं आर आहे, पीएसपीपी तर दिसायलाही एसपीएसएससारखंच आहे. मी आता आग्रह धरते. पहिला महिना मुली रडकुंडीला येतात, मग सरावतात.

कॅमेरा_ऑफ

सगळे नीतीबद्दल बोलताय, मी व्यवहाराचं सांगतो. आमच्या गावातल्या एका फोटो स्टुडिओवाल्याने लग्नसराईत एडिटिंगच्या प्लगइनचा क्रॅक उतरवला. सूचनेप्रमाणे अँटीव्हायरस बंद. संध्याकाळी सगळ्या फोटोंच्या नावापुढे चार अक्षरी शेपूट आणि प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी. स्टॉप-डीजेव्हीयू नावाचं हे रॅन्समवेअर (फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) 2018 नंतर बहुतेक क्रॅक आणि कीजेन (बनावट सिरियल नंबर काढणारे प्रोग्राम) यांमधूनच पसरलं. मोठ्या कंपन्यांच्या मागे लागत नाही, आपल्यासारखेच त्याचं गिऱ्हाईक. त्या कुलपाची चावी 'ऑफलाइन' (अनेकांना एकच) असेल तर फायली परत मिळायची शक्यता असते, 'ऑनलाइन' (प्रत्येकाला वेगळी) असेल तर विसरा. त्याची ऑनलाइन निघाली. बॅकअपची हार्डडिस्क त्याच वेळी जोडलेली होती, तीही गेली. त्यात तीन लग्नं होती. वऱ्हाडाला काय सांगणार, 'क्रॅक उतरवला होता' म्हणून?

धागाकर्ते, ती 'आधी हे वाचा' फाइल तुम्ही वाचलीत हे उत्तम. अँटीव्हायरस बंद करा या ओळीलाच थांबायचं असतं.

पेन्शनर_नाना

हे मात्र खरं. दुकानदार टाकून द्यायचा तेव्हा निदान दुकानदाराची गचांडी धरता यायची. टेलिग्रामवाल्याची कुठून धरणार.

मस्त_कलंदर_पुणेकर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

निरागस_बोका

काय लिहिलं होतं? लिंक होती ना? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. (हलके घ्या.)

संपादक

क्रॅकच्या लिंका, टेलिग्राम चॅनेलची नावं, सिरियल नंबर इथे देऊ नयेत. व्यनितूनही नको. धागा चांगला चालू आहे, चालू द्या.

सिएटलकर

एक बाजू राहिली. भाड्याच्या पद्धतीनेही लोक क्रॅककडे ढकलले जातात. सवलतीचा दर विद्यार्थी असेपर्यंतच, काही ठिकाणी फक्त पहिल्या वर्षी, मग बिल एकदम फुगतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून 2024 मध्ये अ‍ॅडोबीवर दावा लावला. आरोप हा होता, की वार्षिक योजना महिन्याच्या हप्त्याने घेतलेल्या ग्राहकाला मध्येच सोडल्यावर किती पैसे भरावे लागतील हे नीट सांगितलं जात नाही आणि सोडण्याची वाटही आडवळणाची ठेवली आहे. म्हणजे पैसे देऊन घेणाऱ्यांनीही अटी वाचाव्यात. 'महिन्याला इतके' आणि 'वर्षाचा करार, हप्ता महिन्याला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बॅकबेंचर०७

मला एक कळलं नाही. समजा तिने शिकायला विद्यार्थी आवृत्ती वापरली, ते रीतसर. पण शिक्षण संपलं त्या दिवशी लायसन बंद, हातात नोकरी नाही, आणि पोर्टफोलिओच्या सगळ्या फायली त्याच सॉफ्टवेअरच्या. मुलाखतीला 'ही फाइल जरा बदलून दाखवा' म्हणाले तर? ती सहा-आठ महिन्यांची फट कुणीच बुजवत नाही. माझे मेकॅनिकलचे मित्र क्रॅकवर जातात ते तेव्हा. कॉलेजात असताना नाही.

कॉलम_बीम

@बॅकबेंचर, अगदी बरोबर पकडलंस. आम्हीही याच मुलांना 'सॉफ्टवेअर येतं का' विचारून घेतो आणि कुठे शिकलास विचारत नाही. खरं तर ऑफिसांनी ट्रेनीला पहिल्या दिवशी लायसन दिलं पाहिजे, पण पाच जणांच्या ऑफिसात दोन लायसनवर पाळीपाळीने कामं चालतात. मी दोन एलटी (ऑटोकॅडची स्वस्त, कमी सोयींची आवृत्ती) आणि एक पूर्ण घेतलंय, ते हप्ते पगारासारखे जातात. शेजारचं ऑफिस सगळं क्रॅकवर चालवून माझ्यापेक्षा कमी फी सांगतं. क्रॅकने अमेरिकेतल्या कंपनीचं काही जात नसेल, माझं जातं. ते आडकित्ता यांच्या प्रमाणात बसतं का बघा.

आडकित्ता

बसतं. या बाजूने विचार केला नव्हता. तरी दिवाळी अंक वेगळा.

कृष्णाकाठचा

मंडळी, भरभरून लिहिलंत, आभार. कन्येला सगळा धागा वाचून दाखवला. लॅबमधला पेनड्राइव्ह परत गेला, लॅपटॉप फॉरमॅट केला. विद्यार्थी लायसनसाठी कॉलेजचं बोनाफाइड जोडलं, मंजुरी आली. ती म्हणाली होती तेवढा वेळ लागला नाही, मेल स्पॅममध्ये पडला होता.

राहिला बिल्डर. ती म्हणते आठ हजारांतले अर्धे सॉफ्टवेअरला गेले तर काम कशाला घेऊ? सुचवा.

मुक्तस्रोत

थ्रीडी व्ह्यू ब्लेंडर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये करू दे. धंद्याला पूर्ण मुभा, निघालेलं चित्र तिच्या मालकीचं. हे सॉफ्टवेअर 2002 मध्ये बंद पडलेल्या कंपनीकडून लोकांनी वर्गणी काढून सोडवून घेतलंय, सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून. शिकायला अवघड आहे म्हणतात ते जुन्या आवृत्त्यांबद्दल. एक सावधगिरी: स्केचअपची ब्राउझरमधली फुकट आवृत्ती फक्त वैयक्तिक वापराला आहे, ती बिल्डरच्या कामाला चालत नाही. अनेकांना वाटतं फुकट म्हणजे सगळ्याला फुकट.

प्लॅन लिब्रेकॅडमध्ये काढून डीएक्सएफ देता येतील. कॉलम_बीम रागावतील.

कॉलम_बीम

रागावत नाही, दोन प्लॅनला चालेल. नाहीतर एलटी एका महिन्यासाठी घ्या. आणि मूळ मुद्दा: आठ हजार फार कमी आहेत. व्ह्यू किती, बदल किती वेळा, हे ठरलंय का? बिल्डर लोक 'जरा रंग बदलून बघू' म्हणत दहा वेळा करून घेतात. कोटेशनमध्ये 'सॉफ्टवेअर भाडे' अशी वेगळी ओळ टाकायला सांगा. आमचे क्लायंट प्लॉटिंगचे पैसे देतात, तसे हेही देतील. नाही दिले तर कामच सोडा, परीक्षा जवळ आली असेल.

टॅलीवाल्या_काकू

आणि बिल फाडा हो, साधं का होईना. रोख घेऊन मोकळी होऊ नका. मेहुण्यांच्या ओळखीतलं काम असलं तरी निम्मे पैसे आधी.

कृष्णाकाठचा

काकू, वसुलीतल्या माणसाच्या मुलीला हे सांगावं लागत नाही. कोटेशन गेलंय, अकरा हजार अधिक भाडं, दोनदाच बदल. बिल्डर म्हणतो विचार करून सांगतो.

सिएटलकर

महिन्याचं भाडं घेतलंत तर त्याच दिवशी स्वयं-नूतनीकरण बंद करून टाका. महिना संपेपर्यंत चालू राहतं, पुढचा हप्ता जात नाही.

वाचनवेडी

माझा भाचा फाइन आर्टला आहे, त्याला चित्र काढायला टॅबलेटसकट काय घ्यावं? इथेच विचारू की नवा धागा काढू?

निरागस_बोका

नवा काढा. इथे आता लिनक्सवाले सोडणार नाहीत.